नेन्यांचं दांडी-रजिस्टर

मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, सकाळी आठला दोन मिनिटं कमी असताना, आमच्या दाराची घंटा वाजायची. दार उघडलं की पायरीवर डॉक्टर यशवंत नेने. अंगात कोट-टाय, बगलेत वर्तमानपत्र आणि चेहऱ्यावर कुणीतरी गेल्याचं कळवायला आलेल्या माणसाचं गांभीर्य. नमस्कार नाही, गुड मॉर्निंग नाही. वर्तमानपत्राचं शेवटचं पान माझ्या नाकासमोर धरून ते एकच प्रश्न विचारायचे.

"कुठला पाय?"

पहिल्या वर्षी मी घाबरून माझ्याच पायांकडे बघितलं. एका पायात सपाता होती, दुसरा अनवाणी होता.

"तुमचा नाही हो दामले! ह्याचा!" नेन्यांनी एका फुटबॉलपटूच्या फोटोवर बोट आपटलं. "हॅमस्ट्रिंग दुखावली म्हणे. सोमवारच्या सामन्याला येऊ शकत नाही म्हणे. माणसाला पाय दोन. कुठला पाय दुखावला ते छापलंय का? नाही! कारण ते अजून ठरलेलंच नाही!"

मग ते आत यायचे आणि चहा घेता घेता उरलेल्या सगळ्यांचे पाय वाचून दाखवायचे.

नेने ब्रिस्टलच्या एका हॉस्पिटलात हाडांचे डॉक्टर होते. आमचं घर अकरा नंबर, त्यांचं सतरा, दोन्ही विषम बाजूला. म्हणजे मध्ये फक्त दोन घरं. हा तपशील मी एवढ्यासाठी देतो की दोन घरं हे अंतर नेन्यांपासून बचाव करायला पुरत नाही. मी स्वतः विमानांच्या सुट्या भागांची तपासणी करणाऱ्या खात्यात नोकरीला होतो. एखादा भाग इंचाच्या हजाराव्या हिश्शाइतका चुकला तरी तो परत पाठवायचा, हे माझं काम. त्यामुळे लोकांना मी काटेकोर वाटायचो. नेने शेजारी राहायला आल्यावर मी लोकांना मोकळाढाकळा वाटू लागलो.

आता हा सामना काय, ते सांगायला हवं. सीझन संपला की आमच्याकडच्या एका लीगचा ऑल-स्टार सामना व्हायचा, उत्तर विरुद्ध दक्षिण, बँक हॉलिडेच्या सोमवारी दुपारी. लीगचं नाव मी देत नाही. ज्यांनी दांड्या मारल्या ते आता आजोबा झाले असतील, आणि नातवंडांसमोर त्यांची शोभा नको. लीगमधले सगळे खेळाडू मतं देऊन आपल्यातले सर्वोत्तम निवडायचे. मोठा मान. नावं जाहीर व्हायची, फोटो छापून यायचे, "मी भारावून गेलो आहे" असं प्रत्येक जण वार्ताहरांना सांगायचा. मग सामन्याच्या दोन दिवस आधी या भारावलेल्या मंडळींमध्ये एक विचित्र साथ पसरायची. कुणाची मांडी, कुणाचा घोटा, कुणाची पाठ. अख्खा सीझन चिखलात लाथा खाऊन धडधाकट राहिलेली माणसं सामन्याला गुण नाहीत, चषक नाही आणि बाहेर ऊन पडलंय म्हटल्यावर पटापट लंगडू लागायची. पुढच्या आठवड्यात तीच माणसं स्पेनच्या किनाऱ्यावर तंदुरुस्त दिसायची. समुद्राचं पाणी हाडांना चांगलं असावं.

या प्रकाराचा इंग्लंडमध्ये फक्त एका माणसाला संताप यायचा, आणि तो आमच्या गल्लीत राहायचा.

"निवड झालीय ह्यांची!" नेने म्हणायचे. "बोलावलंय हो ह्यांना! बोलावणं येणं म्हणजे काय साधी गोष्ट आहे?"

"डॉक्टर, मैत्रीपूर्ण सामना आहे तो," मी म्हणायचो.

"मग मैत्रीला दांडी मारली म्हणा!"

दांडी मारणाऱ्यांसाठी नेन्यांनी एक रजिस्टर ठेवलं होतं. जाड पुठ्ठ्याचं, हॉस्पिटलात ड्युट्या लिहायला वापरतात तसलं. प्रत्येक वर्षाला दोन पानं. रकाने असे: खेळाडूचं नाव, क्लब, सांगितलेलं कारण आणि निदान. निदान अर्थातच नेन्यांचं, लाल शाईत. पाचवा, शेवटचा एक रकाना मालतीवहिनींच्या, म्हणजे नेन्यांच्या पत्नीच्या निळ्या बारीक अक्षरात असायचा. तो मी कधी वाचला नाही. वहिनींना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे त्यात वाचण्यासारखं काही नसणार असं मी गृहीत धरलं होतं. हजाराव्या हिश्शापर्यंत तपासणी करणाऱ्या माणसाने इतकी मोठी गोष्ट गृहीत धरायला नको होती. पण ते पुढे.

लाल रकाना मात्र मी आवडीने वाचायचो. 'कारण: मांडीचा स्नायू. निदान: विमानाचं तिकीट.' 'कारण: पाठ. निदान: शनिवारी गोल्फ खेळताना फोटोत आढळला. गोल्फ पापण्यांनी खेळतात काय?' 'कारण: घोटा. निदान: बायकोची आई आली असावी, घोटा बिचारा निर्दोष.' एका ठिकाणी लिहिलं होतं, 'कारण: पोटात मुरडा. निदान: शक्य आहे. संशयाचा फायदा.' नेने कठोर होते, पण अन्यायी नव्हते.

एवढ्यावर भागत नव्हतं. ते क्लबांना पत्रं लिहायचे, हॉस्पिटलातल्या टाइपिस्टला त्रास न देता, स्वतःच्या हाताने. आपल्या खेळाडूच्या मांडीबद्दल वाचून चिंता वाटते. मी या विषयातला डॉक्टर असून मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता त्याला तपासायला तयार आहे. येताना दोन्ही पाय आणावेत. कित्येक वर्षांत एकच उत्तर आलं. त्यात पत्र नव्हतं, सही केलेला फोटो होता, तोही भलत्याच खेळाडूचा. नेन्यांनी तो रजिस्टरात चिकटवला आणि खाली लाल शाईत लिहिलं, 'उत्तरालाही दांडी. बदली पाठवला.'

नेने स्वतः कुठेच दांडी मारत नसत. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीची आरती दहाला असं पत्रकात छापलेलं असलं की दहाला पाच मिनिटं कमी असताना नेने हजर. मंडळाच्या घड्याळात दहा म्हणजे साडेअकरा, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. हॉलचं कुलूपही उघडलेलं नसायचं. नेने आणि वहिनी गाडीत बसून राहायचे, वहिनींच्या मांडीवर मोदकांचा डबा. एकदा एकशे दोन ताप असताना नेने भोंडल्याला आले. भोंडला बायकांचा असतो हे त्यांना माहीत होतं. "बोलावणं दोघांच्या नावाने होतं," ते म्हणाले, आणि कोपऱ्यात खुर्ची टाकून, मफलर गुंडाळून शेवटपर्यंत बसले. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला तर ते एक दिवस आधीच आले. मीनल तेव्हा लहान होती आणि तिचं मराठी इथल्या शाळेत शिकलेल्या मुलांचं असतं तसं होतं. दार उघडून ती ओरडली, "बाबा, नेनेकाका आली आहे! पण माझा बर्थडे तर उद्या आहे!" नेने दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. आदल्या दिवसाची हजेरी त्यांनी मागे घेतली नाही.

त्यांची नोकरीही त्यांच्या स्वभावाला साजेशी होती. पंचवीस वर्षं ते कुणाच्या तरी बदलीच काम करत आले. इथे त्याला लोकम म्हणतात. नेमलेला डॉक्टर आजारी पडला, रजेवर गेला, सोडून गेला, की त्याच्या जागी तात्पुरता येतो तो लोकम. नेने दोन आठवड्यांसाठी लोकम, सहा महिन्यांसाठी लोकम, एकदा तर एका कन्सल्टंटच्या जागी सलग चार वर्षं लोकम. चार वर्षांनंतर ती जागा रीतसर भरली गेली तेव्हा मुलाखतीतून दुसऱ्याच एका डॉक्टरची निवड झाली. त्याच्या पहिल्या दिवशी त्याला ऑपरेशन थिएटरचा रस्ता नेन्यांनीच दाखवला. मी नेन्यांना विचारलं, वाईट नाही वाटलं? ते म्हणाले, "तो वेळेवर आला होता."

आता माझ्या स्वतःच्या दांडीबद्दल. काटेकोर माणसाने स्वतःचीही नोंद ठेवावी.

एका वर्षी नेन्यांच्या मनात आलं की मंडळातल्या लोकांना घेऊन ऑल-स्टार सामन्याला जावं. चौदा जागांची मिनीबस ठरवली. नेने आणि वहिनी धरून चौदा नावं दोन दिवसांत भरली. नेन्यांना तोंडावर नाही म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. मैदान मिडलंड्समध्ये, एम-फाइव्ह हायवेने दोन तासांवर. शनिवारी सकाळपासून नेन्यांचा फोन वाजू लागला. आमच्या मंडळाचे सेक्रेटरी सबनीस पहिले.

"डॉक्टरसाहेब, जरा प्रॉब्लेम झालाय. मिसेसची आई यायची आहे लेस्टरहून."

"कुठला पाय?"

"नाही नाही, पाय नाही. मदर-इन-लॉ."

"ते कळलं. कारण म्हणून कुठला पाय सांगणार आहात?"

रविवारी संध्याकाळपर्यंत बारापैकी अकरा जण गळाले. बारावा मी. खरं सांगायचं तर हवामान खात्याने सोमवारी स्वच्छ ऊन सांगितलं होतं, आणि मागच्या कुंपणाला रंग द्यायचा मी ऑक्टोबरपासून पुढे ढकलत होतो. चोवीस फळ्या, प्रत्येकी दोन हात. एवढं ऊन इंग्लंडमध्ये दोन संघांचे बावीस लोक चेंडूमागे धावताना बघण्यात घालवणं मला पटेना. मी फोन केला आणि सांगितलं, कंबर धरलीय.

सात मिनिटांनी घंटा वाजली. नेने बॅग घेऊन आले होते.

"कार्पेटवर उताणे झोपा."

"अहो डॉक्टर, विश्रांती घेतली की..."

"झोपा, दामले."

माझी बायको शैला आणि मुलगी मीनल यांच्यासमोर मी दिवाणखान्यात उताणा झालो. नेन्यांनी माझा डावा पाय सरळ वर उचलला. "दुखतंय?" दुखत नव्हतं. मी म्हणालो, थोडं. उजवा उचलला. "आता?" मी म्हणालो, थोडं. "दोन्हीकडे सारखंच?" "हो, साधारण." नेन्यांनी पाय हलकेच खाली ठेवले. माझ्या बोटांच्या नखांकडे बघितलं. नखांत हिरवा रंग होता. मी नमुन्यादाखल एक फळी आधीच रंगवून बघितली होती.

"छान शेड आहे," ते म्हणाले, आणि गेले.

शैला म्हणाली, "अहो, उठा आता. पेशंट गेले का डॉक्टर गेले, काही कळेना."

सोमवारी चौदा जागांच्या मिनीबसमध्ये नेने, वहिनी आणि ड्रायव्हर असे तीन जण गेले. मंगळवारी वहिनी आमच्याकडे आल्या, हातात स्टीलचा डबा. त्या प्रत्येक सामन्यानंतर यायच्या.

"छान झाला हो सामना, दामलेभावजी. तुमची चटणी सँडविचेस उरली, म्हणून आणली."

"स्कोअर काय झाला, वहिनी?"

"ते ह्यांना विचारा. पण एक उंच पोरगा होता. त्याला आदल्या दिवशी संध्याकाळी फोन आला, ये म्हणून. रात्रभर बूट घासत बसला असणार. काय चमकत होते!"

स्कोअर न बघता सामना बघून येणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मला त्याचा थोडा रागही यायचा. दोन तास जायचे, दोन तास यायचे, आणि आणायचं काय तर बुटांचं पॉलिश.

पुढच्या शनिवारी नेन्यांनी मला रजिस्टर दाखवलं. फुटबॉलपटूंच्या यादीखाली एक रेघ, आणि रेघेखाली आमच्या मंडळातली बारा नावं. शेवटचं माझं. 'कारण: कंबर. निदान: कुंपण.' त्यानंतर नेन्यांनी मला कधी सामन्याला बोलावलं नाही. घंटा मात्र दर मे महिन्यात वाजत राहिली, आठला दोन मिनिटं कमी.

मालतीवहिनी एका फेब्रुवारीत गेल्या. तीन आठवड्यांचं आजारपण. अंत्यसंस्काराला सगळं मंडळ आलं होतं, दिलेल्या वेळेच्या आधी, तेवढं एकदाच.

मे आला. शेवटचा शनिवार आला. मी सव्वासातलाच दाढी करून बसलो होतो. सपाता दोन्ही पायांत घातल्या होत्या. वर्तमानपत्र मीच वाचून काढलं: सात जणांची माघार. दोन हॅमस्ट्रिंग, एक घोटा, एक जांघ, दोन पाठी, आणि एकाचं नुसतंच 'वैयक्तिक कारण'. त्यावर नेने काय म्हणतील याचा मी अंदाजही करून ठेवला होता. आठ वाजले. आठ वाजून पाच. सव्वाआठ. आमचं स्वयंपाकघरातलं घड्याळ मी दर रविवारी रेडिओवरून लावतो, ते चुकणं शक्य नव्हतं.

"अहो, जाऊन बघा ना," शैला म्हणाली.

सतरा नंबरचं दार नेन्यांनी उघडलं. अंगात ड्रेसिंग गाऊन. त्यांना टायशिवाय मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि क्षणभर मला वाटलं की आत नेने आहेत आणि हे दुसरंच कुणीतरी.

"या," ते म्हणाले.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर रजिस्टर मिटलेलं होतं. मिठाच्या भांड्याखाली दोन तिकिटं. ई रांग, सतरा आणि अठरा. दर वर्षी त्याच दोन जागा, ऑक्टोबरातच मागवून ठेवलेल्या. ऑक्टोबरात वहिनी चांगल्या होत्या.

"पेपर बघितलात?" मी विचारलं.

"हो."

"सात जण, डॉक्टर."

"असतील."

असतील! मी टेबलाच्या कडेवर बसलो. नेन्यांनी मला खुर्ची दाखवायला हवी होती, दाखवली नाही.

"एकाला वैयक्तिक कारण आहे," मी म्हणालो.

"असतं एखाद्याला," नेने म्हणाले.

"सोमवारी किती वाजता निघणार?"

नेन्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "यंदा मी नाही जात, दामले. जरा बरं नाही. गुडघा धरलाय."

पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या जागी हजर राहिलेला, ताप अंगावर घेऊन भोंडल्याला बसलेला हा माणूस माझ्यासमोर, मी वापरलं होतं त्याच दर्जाचं कारण मला देत होता. मग जे तोंडात आलं ते बोललो.

"कुठला पाय?"

नेन्यांनी चमकून माझ्याकडे बघितलं. मग खाली वाकून, मी पहिल्या वर्षी बघितलं होतं तसं, स्वतःच्या दोन्ही पायांकडे बघितलं.

"डावा," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "उजवा." आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसताहेत असं मला वाटलं. आधी हसतच होते.

चष्मा पुसून झाल्यावर ते म्हणाले, "हा प्रश्न माझा नाही, दामले. हिच्या वडलांचा आहे."

मग त्यांनी सांगितलं. मिरजेला शिकत असताना त्यांच्या वर्गात एक मुलगा होता, सगळ्यात हुशार, पहिला नंबर कधी न सोडलेला. त्याला सांगलीच्या एका घरी मुलगी बघायला बोलावलं होतं. सोबत म्हणून नेने जाणार होते. आयत्या वेळी तो म्हणाला, मला नाही यायचं, तू जाऊन सांग माझा पाय मुरगळला. नेने एकटे गेले. ओटीवर पाच-सहा माणसं, आत खाण्याचा वास. नेन्यांनी निरोप सांगितला. मुलीचे वडील म्हणाले, "अरेरे! कुठला पाय?"

"मला सांगता येईना! खोटं बोलायला म्हणून गेलो, आणि तयारीच केली नव्हती. मी डावा म्हणालो आणि हात उजव्या पायाला लावला. आतून कुणीतरी खुदकन हसलं. खाणं वाया जाईल म्हणून मला बसवून घेतलं. तिनेच बशी आणली. म्हणाली, तुमचे दोन्ही पाय बरे आहेत ना?"

नेन्यांनी मिठाच्या भांड्याखालची तिकिटं सरळ केली.

"इकडे आल्यावर आम्हाला कुणीतरी या सामन्याची दोन तिकिटं दिली. नावं पुकारत होते. अमुक येऊ शकला नाही, त्याच्या जागी तमुक. तमुकचं नाव आलं की सगळं मैदान नाराजीने 'ऊं' करायचं. पोरगा बिचारा पळत आत यायचा, त्या 'ऊं' मध्ये. ही उठून उभी राहिली आणि एकटीच टाळ्या वाजवायला लागली. लोक वळून बघायला लागले. मी म्हटलं, अगं बस. तर म्हणाली, आला ना तो? मग!"

त्यांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. "तेव्हापासून ठरलं. न आलेल्यांचं मी लिहायचं, आलेल्यांचं तिनं. आता निम्मंच रजिस्टर घेऊन कुठे जाऊ?"

मी पाचवा रकाना पहिल्यांदा वाचला. वर शीर्षक होतं, 'बदली'. खाली वर्षानुवर्षं निळ्या बारीक अक्षरात एकेक नाव, आणि नावापुढे एखादं वाक्य. 'आईला घेऊन आला. आई पहिल्या रांगेत.' 'नुकतेच केस कापलेत, मान गोरी दिसते.' 'दोनदा पडला. दोन्ही वेळा हसत उठला.' 'शर्ट मोठा होतो. दुसऱ्याच्या मापाचा असणार.' एकाही नावापुढे स्कोअर नव्हता. मिनीबसचं वर्ष मी शोधून काढलं. सबनिसांसमोर लिहिलं होतं, 'मिनीबसचा ड्रायव्हर. टाळ्या छान वाजवतो.' माझ्या नावासमोर लिहिलं होतं, 'कुणी नाही. जागेवर डबा ठेवला.'

मी रजिस्टर मिटलं.

"सोमवारी मी येतो," मी म्हणालो.

"तुम्हाला फुटबॉल कळतं?"

"नाही. पण अक्षर बरं आहे."

नेन्यांनी माझी नखं बघितली. स्वच्छ होती. "साडेनऊ," ते म्हणाले.

सोमवारी मी त्यांच्या दारात पोहोचलो तेव्हा नऊ चौतीस झाले होते. मागचं दार लावलंय की नाही हे बघायला मी अर्ध्या रस्त्यातून परत गेलो होतो. नेने टाय लावून गाडीत बसले होते. शैलाने दिलेला सँडविचेसचा डबा मी मांडीवर घेतला.

मैदान निम्मं रिकामं होतं. लाउडस्पीकरवर नावं सुरू झाली. अमुक दुखापतीमुळे येऊ शकला नाही, त्याच्या जागी... सगळ्या स्टँडमधून 'ऊं' असा आवाज आला. माझ्या शेजारी नेने उठले आणि टाळ्या वाजवू लागले. ई रांगेतली आणि पुढची डी रांगेतली डोकी आमच्याकडे वळली. एक जण मागून काहीतरी बोलला, ते मी इथे लिहीत नाही. मीही उठलो. अशा सातही जणांसाठी आम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या. पाचवा खेळाडू, खालच्या डिव्हिजनमधला एक गोलकीपर, आत पळताना थबकला, हे कोण म्हणून त्याने स्टँडकडे बघितलं आणि हातमोजा हलवला.

हाफ-टाइमला नेन्यांनी रजिस्टर आणि निळं पेन दिलं. मी सातही नावं लिहिली. गोलकीपरपुढे लिहिलं, 'हात हलवला. हातमोजे नवे.' स्कोअर लिहायला हात शिवशिवत होता, नाही लिहिला. नेन्यांनी रजिस्टर घेतलं, सात नावांखाली पट्टीने मारावी तशी सरळ रेघ मारली आणि खाली आठवं नाव लिहिलं. मालती नेने. कारणाचा रकाना त्यांनी मोकळा सोडला. निदानाचाही. त्या जाड रजिस्टरात कारण नसलेली नोंद ती एकच. मी नंतर पहिल्या पानापासून तपासलं आहे.

रजिस्टर माझ्यापुढे आलं. पाचव्या रकान्यात मी लिहिलं, 'दामले. लोकम.' आणि पेन परत दिलं.

नेने ते बराच वेळ वाचत राहिले. तीन शब्दही नव्हते. मग त्यांनी खिशातून लाल पेन काढलं आणि माझ्या नावापुढे एक शब्द लिहिला: 'वेळेवर.'

मी चार मिनिटं उशिरा आलो होतो. ती चूक मी दुरुस्त केली नाही.